पडलेला रेडा

लाल रंगाची डबी उघडली, की मले हथखोज गावच्या तलावाकाठची ती सकाळ आठवते. रिटायर झालो होतो, काठावर बसून म्हशी रंगवून राहिलो होतो. तेवढ्यात दोन रेडे भिडले. एकाचं पोट फाटलं, चिखल लाल झाला, तडफडून तो तिथंच मेला. गळ्यात दिवाळीला बांधलेली सोहईची, पळसाच्या मुळ्यांची माळ तशीच होती. मी दिसलं ते रंगवलं. त्याचा मालक रडत आला, "बबा, मोर भैंसा ला खड़ा बना दे, लहू झन दिखा." म्हणजे, चित्रात माझा रेडा उभा कर, रक्त दाखवू नको. मी म्हणलं, "जो देखा सो बनाया. मरे को खड़ा नहीं करता." त्यानं कागदावर लाठी हाणली, मी हात आडवा घातला. मनगट कडकन मोडलं, कागद वाचला. आता ब्रश डाव्या हातानं धरतो, पण तो रेडा काही मी उभा केला नाही.