नारळाचं पाणी आणि दोन डिस्क

आमचे हे कुपवाडच्या एका वर्कशॉपात लेथ चालवतात. खंडेनवमीला तिथं प्रत्येक मशीनची पूजा होते, नारळाचं पाणी शिंपडतात आणि लगेच मशीनचा एक फेरा फिरवून दाखवतात. ही रीत ह्यांनी सांगलीच्या घरीही आणली. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, माझा कॉम्प्युटर, कुणाचीच सुटका नाही.

त्या वर्षी कॉम्प्युटरशेजारी पाटावर माझी बॅकअपची डिस्कही बसली होती. ती आधीपासून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवरच, वायर जोडलेली असायची, हाताशी असावी म्हणून. हे शहाणपण माझं.

दोन्हींत माझ्या वडिलांचा आवाज होता. ते फौजेतून निवृत्त झालेले. बर्फातल्या चौकीच्या, लंगरातल्या म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातल्या भांडणांच्या गोष्टी रंगवून सांगायचे. मी तेवीस गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर घेतल्या, दुसरी प्रत डिस्कवर केली आणि मोबाइलमधल्या पुसून टाकल्या. पुढं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. तेव्हापासून ते आमच्याकडे असतात, खुणेनं बोलतात.

मी पुरण वाटत होते. ह्यांनी नारळ फोडला, ओंजळभर पाणी दोन्हींवर सोडलं आणि बटण दाबलं. चट् असा आवाज आला, मग करपल्याचा वास. हे म्हणाले, "फ्यूज उडाला असंल." मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. खरा राग माझा माझ्यावरच होता, पण तो काढायला नवरा बरा पडतो.

पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांनी कॉम्प्युटरमधली आणि बॅकअपची, दोन्ही डिस्क उघड्या करून भिंगाखाली धरल्या.

"पूजेचं ऱ्हाऊ द्या. वल्लं असताना चालू कशाला केलं?"

"मशीन फिरवून दाखवावं लागतंय," हे म्हणाले.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "आन ताई, दोन्ही एकाच पाटावर ठेवायच्या तर दुसरी घेतली कशाला?"

वडिलांनी फौजेच्या कागदांची एक प्रत आपल्या ट्रंकेत आणि दुसरी फलटणला आत्याकडं ठेवली होती. लहानपणापासून बघत आले होते मी.

बाहेरची डिस्क गेलीच. आतलीचं सर्किट जळलं होतं. तसलंच सर्किट मिळवून बसवायला चाचांना तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मला वडिलांकडं सरळ बघवत नव्हतं. शेवटी तेविसातल्या नऊ गोष्टी हाती लागल्या. बाकीच्या कायमच्या गेल्या. ते मला अजून लागतं.

संध्याकाळी मी वडिलांजवळ बसून पहिली लावली. लंगरातली खीर करपते ती गोष्ट. ते डोळे मिटून ऐकत होते. सगळे हसतात ती जागा यायच्या आधीच त्यांचा खांदा हलायला लागला. मी उठून आत गेले आणि रडून घेतलं.

आता त्या नऊ गोष्टींची नवी डिस्क आत्याकडं असते, तिच्या कपाटात, त्या कागदांच्या शेजारी. यंदा ह्यांनी कॉम्प्युटरला लांबूनच फूल वाहिलं आणि बटणाला हात लावला नाही. दुपारी आत्याचा फोन आला.

"मी बी पूजा केली गं डबीची. पाणी न्हाई लावलं, नुसतं फूल."

"बरं केलंस."

"कान लावून बघितला. काय बी ऐकू येत न्हाई. पर दादा हाय न्हवं आत?"

"हाय, आत्या," मी म्हणाले.