श्रावणापर्यंतची मुदत

माझा धाकटा भाऊ गुरुदत्त एका जागी दोन घटका स्वस्थ बसला असेल तर शपथ! जेवताना पाय हलायचा, बोलताना हात. ठाण्याला नौपाड्यात दोन खोल्यांत आम्ही चौघं, आणि त्यातही ह्याच्या येरझाऱ्या चालूच. कल्याणच्या तारऑफिसातून दमून यायचा, चहा घशाखाली ओतायचा आणि टेंभी नाक्यापर्यंत चक्कर मारायला पुन्हा चपला घालायचा.

एक्कावन्नच्या दिवाळीत त्याने पेपरातली जाहिरात कापून आणली. एका विमानकंपनीला शिकाऊ वैमानिक हवे होते. इंटर सायन्स पास, डोळे शाबूत, वय चोवीसच्या आत. अर्ज वर्षभरात केव्हाही पाठवा, असं खाली छापलेलं. त्याआधी तो एका मित्राच्या वशिल्याने जुहूला जाऊन विमानात बसून आलेला, त्यामुळे आम्हाला नवल वाटलं नाही.

"मग भर की अर्ज!" मी म्हटलं.

"ताई, घाई कशाला? श्रावणात मला चोवीस पुरी होतात. तोवर नीट विचार करू."

झालं! विचार सुरू झाला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ ओढली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. पगार वडिलांच्या चौपट. सकाळी मुंबई, दुपारी दिल्ली. लोक वळून बघतील. उजवीकडे मात्र यादी वाढतच चालली. दर सहा महिन्यांनी डोळे, कान, छाती तपासणार. एकदा नापास झालं की ऐन पस्तिशीत घरी. कंपनी बुडाली तर दुसरं येतं काय? गणपतीला घरी नसणार. डोंबिवलीचं चांगलं स्थळ त्याला चालून आलेलं, त्यांनी विमानाचं नाव ऐकताच पत्रिका परत धाडली. आईने त्या दिवशी पातेलं आपटलं.

"विमानं पडतात रे, मेल्या!"

"आई, माणसं ओटीवरूनही पडतात," हा ऐटीत म्हणाला खरा, पण लगेच आत जाऊन तोट्यांत एक ओळ वाढवली.

माझं डोकं भणभणायला लागलं. मी शाळामास्तरीण, मला असली टंगळमंगळ खपत नाही. पण अण्णांचंच काय ते बघायचं होतं. अण्णा म्हणजे आमचे वडील, मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत हेडक्लार्क, सचोटीचे आणि भयंकर तुसडे. गुरुदत्तचं एवढंसं कौतुक त्यांच्या तोंडून कधी निघालेलं नाही. पाडव्याला गुढी उतरवता उतरवता ते एकदम म्हणाले, "जा. मी जन्म एका खुर्चीत घालवला. तू तरी जा." दुसऱ्या दिवशी कचेरीभर झालेलं, हेडक्लार्कसाहेबांचा मुलगा वैमानिक होणार!

आता अर्ज पाठवणं आलं. त्यासाठी गुरुदत्तने शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि अण्णांपुढे ठेवला. जन्मतारीख एक जून सत्तावीस. म्हणजे कागदावर त्याची चोवीस कधीच उलटून गेलेली. आमच्याकडे वाढदिवस तिथीने, नारळी पौर्णिमेला औक्षण आणि नारळीभात. इंग्रजी तारखेकडे बघतंय कोण? लहानपणी हा घरात फार धुडगूस घालायचा, म्हणून अण्णांनी वय सव्वा वर्षाने वाढवून त्याला शाळेत कोंबलेलं. तेव्हा सगळेच तसं करायचे, पण अण्णा दाखला हातात धरून बसूनच राहिले.

"संपलं," गुरुदत्त म्हणाला.

"संपलं काय? चूक माझी, निस्तरीन मी!"

आणि तीन महिने ह्या माणसाने हेलपाटे घातले. शाळा, शिक्षणखातं, पुन्हा शाळा. शेवटी त्यांच्याच कचेरीत, ज्यांना त्यांनी तीस वर्षं खरेपणाचे धडे दिले त्यांच्यासमोर, मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहून शपथेवर सांगितलं, की मी मुलाचं वय खोटं लिहवलं. शिपायापर्यंत सगळे बघत होते. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

आषाढात दुरुस्त दाखला आला. अण्णांनी तो देवापुढे ठेवला, वर पेढा ठेवला. "घे. भर आता."

गुरुदत्तने हात पुढे केलाच नाही.

"अण्णा, ती तारीख मला नोकरीला लागलो तेव्हापासून माहीत होती. आपल्याला घेणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून तर जाहिरात कापायचा धीर झाला. जुहूला विमान वर चढलं आणि मी डोळे मिटले. उतरेपर्यंत उघडले नाहीत."

माझा हात शिवशिवला, एक ठेवून द्यावी असं वाटलं.

"मग मला चारचौघांत शपथेवर खोटा ठरू दिलंस?" अण्णांनी विचारलं. "एका शब्दाने सांगायचंस!"

"कसं सांगणार?" गुरुदत्त म्हणाला. "पाडव्यापासून तुम्ही आल्यागेल्याला 'आमचा गुरुदत्त, आमचा गुरुदत्त' सांगत होतात. तेवढं सोडवेना, अण्णा."