खोट नसलेली चाकं

माझं शिलाईचं दुकान आणि छर्रेमामांचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही अर्ध्या विटेची. तिकडे फ्रीव्हील फिरलं की इकडे माझ्या कानात किरकिर, आणि माझं मशीन धावू लागलं की तिकडून मामांची हाक, "मास्तर, तेल घाला त्याला, रडतंय ते!" असा आमचा शेजार.

छर्रेमामा हे नाव पोरांनी ठेवलेलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम छर्रे असायचे, सायकलच्या हबात बसतात त्या पोलादी गोळ्या. रुमाल काढायला हात घातला की दोन-चार टपाटप खाली पडायच्या आणि मामा गुडघ्यांवर बसून शोधत राहायचे. तो खिसा मी कितीदा तरी शिवला असेल. मामी म्हणायच्या, "भावजी, खिसा राहू द्या, ह्यांचं तोंड शिवा. गिऱ्हाईक आलं की टकळी सुरू होते आणि माल विकायचा राहून जातो."

दुकान लांबट, अरुंद. वर टायर टांगलेले, डाव्या हाताला खणच खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतली एकेक वस्तू तारेने बांधलेली. ब्रेकचं रबर, पेडल, साखळीचा दुवा. मामांना सगळ्यांत जास्त आवडायचं ते चाक बांधणं. मधला हब, बाहेरची रिम आणि स्पोकच्या तारांचा जुडगा घेऊन बसायचे. तारा ओवायच्या, कसायच्या, मग चाक स्टँडवर चढवून फिरवायचं आणि त्याचा आऊट काढायचा, म्हणजे ते डावी-उजवीकडे लचकत असेल तर सरळ करायचं. तेवढा वेळ टकळी बंद. मामी चहाचा कप ठेवून जायच्या, तो तसाच गार व्हायचा.

त्यांना एकच मुलगी. एका जागी बसणं तिला कधी जमलं नाही, म्हणून आम्ही सगळे तिला भिंगरी म्हणायचो. पाय पेडलला पुरत नव्हते तेव्हापासून सायकलवर. पुढे शर्यतीत उतरायला लागली. तिची सायकल मामांनी स्वतः जुळवलेली, चाकं तर अर्थातच त्यांच्या हातची. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बापलेक दुकानात बसायचे. ती चाक फिरवायची, हे डोळा बारीक करून बघायचे.

"लचकतंय का?"

"तुम्हीच सांगा की बाबा."

"तू सांग. चालवणार तू आहेस."

भिंतीपलीकडून मला हे सगळं ऐकू यायचं. शर्यतीला मामा दुकान बंद ठेवून जायचे आणि दुसऱ्या दिवशी ती शर्यत मला, वाण्याला, येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळ्या वळणांसकट सांगायचे. पोरगी पाचवी आली असली तरी ऐकणाऱ्याला वाटावं, पहिलीच आली.

मग हळूहळू दुकानात येणाऱ्यांची तऱ्हा बदलली. माणसं येत होती, पण हातात मोबाइल घेऊन. भाग हातात घेऊन बघायचे, फोटो काढायचे, "मामा, माझ्या सायकलला हाच बसेल ना?" असं विचारायचे. मामा माप घेऊन, समजावून सांगायचे. ते मान डोलवायचे आणि जायचे. काही दिवसांनी तोच भाग परदेशातून पाकिटात घरपोच यायचा, मामांच्या खरेदीपेक्षाही स्वस्त. तो बसवता आला नाही की तीच माणसं पाकीट घेऊन परत मामांच्या दारात.

"बसवून देता का जरा?"

मामा बसवून द्यायचे. मामी धुसफुसायच्या. "माप तुमचं, मेहनत तुमची आणि बिल सातासमुद्रापार! पाटी बदला आता. 'येथे फुकट सल्ला मिळेल' असं लिहा, रांग लागेल."

"अगं, त्यांचं काय चुकलं?" मामा म्हणायचे. "स्वस्त मिळतंय तर घेणारच. आपणही भाजी दोन ठिकाणी विचारूनच घेतो ना?"

मी तयार कपड्यांच्या दुकानांनी पोळलेला माणूस, मला त्यात नवीन काही नव्हतं. पण मला पँट आखूड करायची कामं तरी मिळत होती. मामांचे खण भरलेले ते भरलेलेच राहू लागले. दुपारी ते सगळा माल काढून पुसायचे आणि परत ठेवायचे. मामींनी घरी शिकवण्या सुरू केल्या. घरात यावर कोणी काही बोलत नसे. भिंगरी आली की मामा नुसते हसायचे. "धंदा काय, खालीवर चालायचाच."

अशात भिंगरीची मोठ्या शर्यतीसाठी निवड झाली. तिचा प्रशिक्षक एकदा दुकानात येऊन गेला. चांगला माणूस, अदबीने बोलला. म्हणाला, "मामा, तुमचं काम पक्कं आहे, पण चाकं जड पडतात. वरच्या शर्यतीत हलक्या रिम लागतात. नाहीतर ही पोरगी चढावर मागे पडेल."

"आणतो ना," मामा म्हणाले. "रिम आणतो आणि मीच बांधतो."

त्याच दिवशी त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. तसा माल तो ठेवत नव्हता, मागवावा लागणार होता, आणि भाव मामांनी दोनदा विचारून घेतला. तरी मागवला. मला म्हणाले, "मास्तर, किमतीचं तिच्यासमोर बोलू नका. आल्यावर एकदम हातात देईन." मामींची बांगडी त्यासाठी गेली, हे मला फार नंतर कळलं.

पण माल लांबला. व्यापारी आज-उद्या करत राहिला. भिंगरी रोज विचारायची आणि मामा म्हणायचे, "येतोय, येतोय." ती मान हलवून जायची. तिला काय दिसत होतं? भरलेले खण, रिकामं दुकान आणि उसनं हसू. बाबांना जमत नाहीये आणि तसं म्हणायला त्यांना जड जातंय, असंच तिने धरलं. शाळेतल्या मुलांना सायकल शिकवून तिने चार पैसे साठवले होते.

एका दुपारी कुरिअरवाला मामांच्या दुकानासमोर थांबला. पसरट, चौकोनी, मोठा खोका. वरचं नाव भिंगरीचं. आत काय आहे हे मामांना विचारावं लागलं नाही. आयुष्यभर तसलेच खोके फोडलेले. त्यांनी सही केली, खोका आत नेला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मी कुठल्याशा निमित्ताने डोकावलो, तर ते त्याच्याकडे बघत स्टुलावर बसलेले.

"मास्तर, बसा," म्हणाले.

संध्याकाळी भिंगरी आली, तेव्हा मी तिथेच होतो. खोका बघून दारातच थबकली.

"बाबा, मी सांगणारच होते."

"कुठून आलं?"

"परदेशातून. एक साइट आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून…"

"कसला त्रास?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठायला लागलो तर मामांनी हाताने बसवलं. म्हणाले, "उघड. बघू तरी."

तिने खोका उघडला. काळीभोर चाकं, पिसासारखी हलकी. मामांनी हात पुसले, एक चाक स्टँडवर चढवलं आणि फिरवलं. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. खरं सांगतो, ते लचकावं असं मला मनापासून वाटत होतं. केसभर तरी. म्हणजे मामा म्हणाले असते, "बघ, असला असतो हा माल," आणि तिची चूक पोटात घालून आऊट काढत बसले असते.

चाक फिरत राहिलं. एकदाही हललं नाही. मामांनी ते थांबवलं, एकेक तार बोटाने दाबून पाहिली. दुसरं चाकही तसंच तपासलं.

"चांगली आहेत," म्हणाले.

"खरंच, बाबा?"

"खोट काढायला जागाच नाही. मी बांधली असती तर…" आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी टायर काढायला वर हात घातला. टायर त्यांनीच चढवले, हवा भरली, चाकं सायकलला लावून दिली. भिंगरी खुशीत त्यांच्या गळ्यात पडली. पोरीचा जीव भांड्यात पडला होता, तिचं काय चुकलं?

त्या शर्यतीला मामा गेले नाहीत. "एक माणूस माल बघायला यायचाय," असं तिला सांगितलं. कोणी आलं नाही. दिवसभर ते दुकानात बसून होते आणि भिंतीपलीकडून आवाज म्हणून आला नाही. भिंगरी दुसरी आली. तिने फोन केला तेव्हा मामा मोठ्याने म्हणाले, "शाब्बास!" मग फोन ठेवून आत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

त्या यशावर तिला लांबच्या शहरात एका संघात जागा मिळाली. ती गेली आणि पुढच्याच आठवड्यात व्यापाऱ्याकडून रिम आल्या.

मामांनी त्या परत केल्या नाहीत. चाकं बांधली. इतका वेळ घेऊन बांधलेलं काम मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. बांधून झाल्यावर दुकानात मागच्या खिळ्याला टांगली. मी म्हणालो, "मामा, पाठवून द्या तिला."

"कशाला? तिच्याकडे आहेत की चांगली. उगाच तिच्या जिवाला लागेल."

त्यानंतर दोघांचं बोलणं फोनवर. तुमचं कसं चाललंय, छान चाललंय. तुझं कसं चाललंय, मस्त चाललंय. मामी बाजूला भाजी निवडत ऐकायच्या. एकदा माझ्याकडे ब्लाउज टाकायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भावजी, दोघंही एकमेकांना इतकं जपतात की घरात खरं बोलायला मी एकटीच उरलेय. आणि माझं कोण ऐकतंय?"

मालकाने भाडं वाढवलं, तेव्हा मामांनी दुकान सोडायचं ठरवलं. ती टांगलेली चाकं एका परगावच्या माणसाने नेली. त्याने घासाघीस केली नाही, आणि मामांनीही ती कोणासाठी बांधली होती हे सांगितलं नाही. बाकीचा माल भंगारवाला वजनावर घेऊन गेला. त्याने खण उपडे केले तेव्हा मामा माझ्या दुकानात येऊन बसले. पलीकडे लोखंड गोणीत पडत होतं आणि मामा माझ्याशी पावसापाण्याचं बोलत होते. मग बोलता बोलता त्यांनी कापडाचा एक तुकडा उचलून डोळ्यांवर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी उठून दार लोटून घेतलं.

भिंगरीला यातलं काही कळवलं नाही. "तिचा हंगाम चालू आहे," मामा म्हणाले. "लक्ष उडेल."

तिचंही तिकडे काही वेगळं नव्हतं. गुडघा दुखत होता, शर्यती सुटत होत्या, आणि घरी सांगत होती की सगळं मस्त. शेवटी डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. ती एका सकाळी पाठीवर बॅग घेऊन गल्लीत आली आणि सरळ दुकानाकडे निघाली. तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली. काउंटरवर कोणी अनोळखी मुलगी बसलेली. भिंगरीने एकदा माझी पाटी पाहिली, मग पुन्हा शेजारी पाहिलं. मी बाहेर येऊन तिची बॅग घेतली.

"काका, आमचं दुकान?"

मी तिला घरी पोचवलं. त्या दिवशी काय झालं हे तिनेच मला सांगितलं, गेल्या महिन्यात. तिला एका व्यायामशाळेत कचेरीचं काम मिळालंय, त्यासाठी घेतलेली पँट आखूड करून घ्यायला आली होती. ती घालून उभी असताना एकदम बोलायला लागली.

म्हणाली, आईने बाबांनी बांधून टांगलेल्या त्या चाकांचं सांगितलं. तेव्हा तिने मामांना विचारलं, "बाबा, खरंच मागवल्यात हे तेव्हाच का नाही बोललात? मी थांबले असते."

मामा म्हणाले, "तू तरी मागवण्याआधी कुठे विचारलंस?" रागाने नाही म्हणाले, असं ती दोनदा म्हणाली.

मग तिने त्यांना सांगितलं की येताना गाडीत तिने सगळं ठरवलं होतं. शर्यती संपल्या तर संपल्या, बाबांबरोबर दुकानात बसायचं. नुसता माल विकून भागत नाही तर सायकली जुळवून द्यायच्या, चाकं बांधून द्यायची. त्यांनी शिकवायचं, तिने गिऱ्हाइकांशी बोलायचं. बाहेरून माल मागवावा लागला तर तोही मागवायचा, त्यात काय लाजायचं? प्रशिक्षकाच्या ओळखीची मुलं होती, कामही मिळालं असतं.

"मग काय म्हणाले मामा?" मी विचारलं.

"म्हणाले, हो गं, चाललं असतं. आणि मग माझ्या गुडघ्याला तेल लावून देत बसले. काका, त्यांचे हात इतके मऊ झालेत. ओळखूच येत नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली वाकून पायाची दुमड टाचत होतो. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलावं लागलं असतं.