नातीचा खोडलेला आलेख

मैत्रिणींनो, दुपारपासून माझं डोकं तापलंय.

अकरावीतली नात इरा नाहूरच्या क्लासहून रडत आली. फ्लोअर आणि मॉड ही गणितातली दोन फंक्शन्स एकत्र असलेला तिचा आलेख सरांनी सगळ्यांसमोर खोडायला लावला. म्हणे, मॉड आला की आलेखाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू सारख्याच हव्यात!

"आजी, मला नाही जमत गं गणित. सोडते मी."

"रड नंतर. आधी फ्लोअर होता की मॉड?"

"फ्लोअर. मॉड बाहेरून."

मला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर आठवल्या. तळघराच्या जिन्यात दोन पायऱ्यांच्या मध्ये बोट ठेवून म्हणायच्या, "फ्लोअर म्हणजे खालची पायरी. शून्याखाली गेलात तरी खालचीच." म्हणजे दीडचा एक, पण उणे दीडचे उणे दोन. त्यावर मॉड लावला, म्हणजे उणे चिन्ह काढून टाकलं, की दोन. आता एक आणि दोन सारखे कसे हो, सर?

हे सांगितल्यावर इराने पुसट उरलेल्या रेषांवरूनच पेन्सिल फिरवली. "अगं आजी, माझंच बरोबर होतं!"

उद्या तोच कागद ती सरांपुढे ठेवणार आहे.

आमच्या सिस्टर कडक होत्या, पण खोडायला सांगण्याआधी विचारायच्या, "असं का काढलंस?" तुम्हाला असं विचारणारं कोण होतं गं?