पहिल्या ओळीतला टेंपो

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मागोमाग थोडी लाज वाटते. एका सरळ माणसाला मी जवळजवळ कोठडीत घातले होते.

पळसदरीच्या एका शेतघरातून पाण्याचा पंप चोरीला गेला. राखणदाराने सकाळी सहाला एक निळा टेंपो निघून जाताना पाहिला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, खबऱ्याने नाव आणले. त्या भागात निळा टेंपो असलेला एक तरुण साजगावच्या एका कारखान्याच्या कँटीनला रोज भाजी पोचवायचा. मी त्याला ठाण्यात बोलावले.

"साहेब, सहाला मी कारखान्यात व्हतो. रोजच असतो," तो म्हणाला.

कारखान्याकडून चोरीच्या दिवशी आत आलेल्या गाड्यांची छापील यादी मागवली. तिच्यात त्याच्या टेंपोचा नंबर नव्हता. कोणी खोटे बोलताना सापडला की पोलिसाला बरे वाटते, मी तरी का नाकारू? मी आवाज चढवला. गडी रडकुंडीला आला.

"परवा रविवारी माजा साखरपुडा हाय, साहेब. अटक केलीत तर पोरीकडचे नाय म्हनतील. पन मी गेटातून आत गेलो व्हतो, आईशप्पत!"

खोटे बोलणारा माणूस दर वेळी जबाब थोडा सुधारून घेतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. हा दोन तास एकच वाक्य धरून बसला होता. म्हणून अटकेचे कागद बाजूला सारले आणि महिन्याभराच्या याद्या मागवल्या.

आमच्या ठाण्यातले संगणकाचे काम एक महिला शिपाई पाहत. जिभेला धार, पण कामाला चोख. त्यांनी याद्या चाळल्या आणि कँटीनला फोन केला.

"सर, कँटीनवाले म्हणतात भाजी रोज वेळेवर येते. यादीप्रमाणे मात्र हा टेंपो महिनाभरात एकदाही आत गेलेला नाही. मग भाजी काय उडत येते?"

मी जीप काढायला सांगितली आणि बाईंना बरोबर घेतले.

कारखान्याच्या गेटवरच्या संगणकात दर दिवसाची एक साधी फाईल होती. एक गाडी, एक ओळ. त्यातून छापायची यादी काढायला एक बॅच फाईल, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांची फाईल, केलेली होती. ती चालवली की काळी खिडकी उघडून आपोआप काम व्हायचे. बाईंनी ती बॅच फाईल उघडली आणि एका जागी बोट ठेवले.

"इथे सांगितलंय, पहिली ओळ सोड आणि पुढच्या वाच."

मग चोरीच्या दिवसाची मूळ फाईल उघडली. पहिल्याच ओळीत आमच्या गड्याचा टेंपो, वेळ पाच छप्पन. तिथून चार मिनिटांत पळसदरी गाठणे कोणालाच शक्य नव्हते. गेट उघडताच सगळ्यांच्या आधी हजर होणारा तो, म्हणून रोज पहिल्या ओळीत आणि रोज यादीबाहेर!

पण पहिली ओळ सोडायला सांगितली कोणी? गेटवरून महिन्यापूर्वी निवृत्त झालेल्या सुपरवायझरकाकांना फोन लावला.

"आवो साहेब, पयल्या ओळीत मी श्री लिवायचो. श्री लिवल्याबिगर यादी सुरू करायची व्हय? पन त्या काळ्या खिडकीत श्रीचे नुसते चौकोन दिसायचे. छापल्यावं बरं वाटंना, म्हनून तेवडी ओळ सोडायला लावली."

काकांच्या जागी आलेल्या माणसाने श्री लिहिणे बंद केले. बॅच फाईलला ते कोण सांगणार? देवासाठी सोडलेल्या जागी आमचा भाजीवाला येऊन बसला होता.

ठाण्यात परतून मी त्याला सोडले. "चुकलो रे बाबा," एवढे त्याच्या तोंडावर म्हणालो. ते म्हणताना जड गेले, पण म्हटल्यावर हलके वाटले. खरा चोर पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याकडे पंप विकताना सापडला. त्याचा टेंपोही निळाच होता.

नोकरीभर मी लोकांकडून याद्या मागवल्या आणि त्यांना पुरावा म्हटले. त्या दिवसापासून, कोणी निवडून दिलेल्या ओळी हातात आल्या की कोणती ओळ गाळली, हे मी आधी विचारू लागलो.

चोर सापडण्याआधीच, त्या रविवारी, मी साखरपुड्याला गेलो. त्याने आग्रहाने बोलावले होते. देण्याघेण्याच्या याद्या लिहून झाल्या, तसा तो कागद घेऊन थेट माझ्याकडे आला.

"साहेब, तुमीच वाचा. पन पयल्या ओळीपास्नं हां!"

पहिल्या ओळीत श्री होते. त्याखाली त्याचे नाव होते. मी दोन्ही ओळी मांडवभर ऐकू जातील अशा वाचल्या.