वसाया पैलवानाच्या हाताचा गुण

खानपुरात कुणाचा खांदा निखळला की लोक वसाया पैलवानाचं दार ठोठावत. पुढे आखाडा मोडला, तिथं मोबाइलची दुकानं झाली आणि खांदे निखळवून घ्यायची हौस कुणाला उरली नाही. त्याच सुमारास आंब्याच्या बागा असलेल्या जमीनदारांना मोर पाळायचं वेड लागलं. एकाचं पाहून दुसऱ्यानं, दुसऱ्याची जिरवायला तिसऱ्यानं. मोर भिंतीवरून उडी घेतो, नख जाळीत अडकतं, बोट मोडतं. गुरांच्या डॉक्टरला म्हशींमधून सवड नव्हती. कुणाच्या तरी मनात आलं, माणसाचं हाड बसवणारा पाखराचं का नाही बसवणार?

पहिलं आलं ते वाकड्या बोटांचं एक पिल्लू. आमची आणि पैलवानाची अंगणाची भिंत एकच, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. पैलवानाचा अंगठा पिल्लाच्या डोक्याहून मोठा. त्यानं पिल्लू तळहातावर घेतलं आणि बायकोकडे बघितलं. बख्तावर मासी कणीक मळत होत्या. त्यांनी हात धुतले, पेढ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, पिल्लाची बोटं एकेक सरळ करून त्यावर पसरली आणि चिकटपट्टीनं बसवली. पुठ्ठ्याचे जोडे घातलेलं ते पिल्लू अंगणभर फटक फटक करत फिरलं. थोड्याच दिवसांत जोडे काढले, तर बोटं सरळ. मालक आला आणि पैलवानाचे हात डोळ्यांना लावून गेला.

तेव्हापासून रीतच पडली. गिऱ्हाईक बाहेर खाटेवर बसे. आत पैलवान मोराच्या डोक्यावर मोजा चढवून त्याला शांत करी आणि पंख आवळून धरी. ती पकड त्याच्याइतकी कुणाला साधली नसती, हे मासीही मान्य करत. बाकीचं सगळं त्या करत. मग पैलवान घाम पुसत बाहेर येई आणि पाखराची नस कशी ओळखावी यावर बोले. ते बोलणं वर्षागणिक लांबत गेलं. गल्लीत सगळ्यांना खरं ठाऊक होतं, पण बाईच्या हाताला गुण आहे म्हटलं असतं तर जमीनदारांचे मोर आले नसते. मी एकदा मासींपाशी विषय काढला. म्हणाल्या, "राहू दे त्यांच्या नावावर. नाव घेऊन मी कुठं मिरवणार आहे?"

मग त्या जमीनदारांपैकी जाम सैफुल्लांच्या घरचं लग्न ठरलं. त्यांचा नवाब नावाचा पांढरा मोर हिरवळीवर पिसारा फुलवून मुलतानच्या व्याह्यांसमोर नाचावा, असा बेत होता. नवाब नेमका लंगडू लागला. गाडीत घालून आणला तर पिसं मोडतील, म्हणून पैलवानालाच घेऊन जायला गाडी आली. मासी अंगावर चादर घेऊन निघाल्या, तर पैलवान म्हणाला, "पुरुषांच्या बैठकीत बायकोला घेऊन जाऊ? लोक काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत," मासी म्हणाल्या. "जा तुम्ही."

बैठकीत माणसं जमली होती. नवाबाच्या तळव्याला सूज होती, मधोमध काळी खपली. पैलवानाला एकच इलाज येत होता. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि खांदा ओढावा तसं मधलं बोट ओढलं. कट् असा आवाज आला. सगळ्यांनी वाहवा केली. पैलवानाला मात्र तो आवाज चांगला ओळखीचा होता. त्यानं पायाला भलंमोठं बँडेज गुंडाळलं, विश्रांती द्या म्हणाला आणि घरी येऊन पोट बिघडल्याचं सांगून निजून राहिला.

दुसऱ्या दिवशीही तो जेवेना, तेव्हा मासींनी विचारलं, "दुखत कुठं होतं त्याला?"

"तळव्याला."

"आणि तुम्ही काय ओढलंत?"

पैलवानानं पांघरूण डोक्यावर ओढलं.

मासी मागच्या दारानं जामसाहेबांच्या आईकडे, बड्या बीबींकडे गेल्या. बीबींनी मोर जनान्यात मागवला. मासींनी कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवला, खपली सोडवली, आतला पुवाचा घट्ट पिवळा खडा काढून मलम भरलं आणि मोडलेलं बोट काडीला बांधलं. मग पिंजरा पाहायला गेल्या. जामसाहेबांनी नवाबासाठी संगमरवरी फरशी घातली होती. त्या फरशीवर उंचावरून उड्या घेऊनच तळवा सोलला होता. बीबींनी फरशीवर वाळू टाकायला लावली आणि बसायची दांडी खाली आणवली. मासी अधूनमधून जाऊन पट्टी बदलत राहिल्या. नवाब चालायला लागला. बैठकीत बोललं गेलं, पैलवानाच्या विश्रांतीच्या सल्ल्याचा गुण आला.

पण भाऊबंदांत कुणीतरी वारलं आणि लग्न भाद्रपदापर्यंत पुढे गेलं. भाद्रपदात मोराचा पिसारा झडतो. मुलतानच्या व्याह्यांपुढे नवाब आला तो बोडक्या कोंबड्यासारखा. बघण्यासारखे काही असतील तर त्याचे पाय, तेच ठणठणीत होते. मग जामसाहेबांनी पायांचंच कौतुक मांडलं आणि भर मांडवात पैलवानाच्या डोक्यावर मलमलीचा फेटा बांधला.

पैलवान उभा राहिला. म्हणाला, "जामसाहेब, खरं सांगतो, यात माझं काही नाही. करणारं दुसरंच कुणीतरी आहे."

मांडवातल्या सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. मौलवीसाहेब म्हणाले, एवढं यश मिळूनही माणसानं असं नम्र असावं. पडद्यामागे बायकांत खसखस पिकली. मासी तिथंच बीबींशेजारी बसल्या होत्या. पैलवानानं पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर ताटं आली होती.

घरी आल्यावर त्यानं फेटा काढून मासींच्या खाटेवर ठेवला. "मी सांगितलं गं सगळ्यांना."

"ऐकलं मी," मासी म्हणाल्या. त्यांनी मलमल बोटांत चोळून बघितली. "मऊ आहे. पट्ट्या छान होतील."

आणि त्यांनी कात्री लावली. फाडताना कापड सरळ राहावं म्हणून दुसरं टोक पैलवानानं घट्ट धरलं.