पेणकरांची रवाल

खांदा कॉलनीत आमच्या बरोबर डोक्यावर येहुदा पेणकर राहतो. वयाने मोठा आहे, म्हणून तोंडावर मी भाऊ म्हणते, पाठीमागे अरे-तुरेच. बँकेतून रिटायर झाल्यावर माणसाने पेपर वाचावा, सरकारला शिव्या घालाव्या, झोपावं. याला त्यातलं एक जमलं नाही. तरुणपणी नंदुरबारकडच्या शाखेत होता. तिथे गिऱ्हाइकं घोड्यावरून यायची आणि हा काउंटर सोडून त्यांच्या घोड्यावर जाऊन बसायचा. ते जे वेड लागलं ते लागलंच.

मग स्कूटर घसरली. इतके घोडे दामटले आणि मणका सरकला तो स्कूटरवरून! डॉक्टर म्हणाला, हादरा बसता कामा नये, घोडा कायमचा बंद. त्याची बायको रूबी, माझी मैत्रीण, तिने डॉक्टरवर ताण केली. रिक्षात बसताना खाली उशी, जिना उतरताना मागे ती. पेणकर मुकाट ऐकायचा आणि दिवसभर गॅलरीत उभा राहून रस्त्याकडे बघायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याच्याकडे बघवत नसे.

गेल्या थंडीत समोरच्या विंगेतल्या विश्वजीतची वरात निघाली. घोडी गव्हाणच्या काशीराम घरतची, नाव शेवंता. बाकीच्या घोड्या कशा डीजेवर नाचतात, ही आपली तुरुतुरु पुढे. पोरं हसायला लागली, म्हणे लंगडी घोडी आणली. एवढ्यात पेणकर भर रस्त्यात ओरडला, "बंद कर तो डीजे!" सगळ्यांना वाटलं, कोणी तरी गेलं. एकदम चिडीचूप. आणि हा बाबा रस्त्यावर गुडघे टेकून घोडीच्या टापा ऐकायला लागला.

"वहिनी, नवरदेवाचा तुरा बघा. हलतोय का?"

"तुमचं डोकं हललंय," मी म्हटलं. पण तुरा खरंच जागच्या जागी होता. मग याला उठता येईना. दोघांनी बखोटीला धरून उभा केला.

घरी जाताना जिन्यात मला शिकवणी सुरू. म्हणे ती लंगडी नाही, तिची चाल रवाल आहे, जन्मजात. दुडकी चालणारा घोडा दोनच ठोके देतो: चहा, चहा, चहा. वरचा माणूस पोत्यासारखा उडतो. रवालीत चारही पाय सुटे पडतात: पो-हे-ना-रळ, पो-हे-ना-रळ. वरच्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. आता पोहे-नारळच का, तर हे बेने इस्रायली लोक, आपले कोकणातले ज्यू, नवस फेडायला मलिदा करतात, पोहे, नारळ, साखर, फळं घालून. आणि हा गडी रस्त्यावर गुडघे टेकल्या टेकल्याच एलियाहू हनाबीला, त्यांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलून बसला होता: या घोडीवरून एक फेरी बिनदुखता झाली तर मलिदा घालीन. "रूबीला बोलू नका हं, वहिनी." घ्या! पडली धोंड माझ्या गळ्यात.

रूबी मला म्हणाली, त्यांना एकटं सोडू नकोस. म्हणून सकाळच्या फेरफटक्याच्या नावाखाली मी पेणकरबरोबर रिक्षाने गव्हाणला जायला लागले. काशीरामला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. "नाचत नाय, पायात खोट हाय," तो म्हणाला. "सीझनला माथेरानला देतो. सामान वाहील." पेणकरचा चेहरा उतरला. एवढी चाल असलेली घोडी पुन्हा कुठे मिळणार, आणि मिळेपर्यंत याची कंबर तरी राहणार का? शेवटी सीझनपर्यंत शिकवायची परवानगी काढली त्याने, हातापाया पडून.

शिकवणं म्हणजे काय, तर आधी तिला नाचवायचा नाद सोडायचा. नालबंदाला बोलावून जाड नाल काढले. मग बांधावरच्या हलक्या चढावर काशीराम लगाम ढिला सोडून शेवंताला चालवायचा आणि पेणकर कंबर धरून बाजूने भरभर चालत "पोहे-नारळ, पोहे-नारळ" करायचा. वेग थोडा वाढवायचा. 'चहा' ऐकू आला की लगेच परत साधी चाल. घोडीला न मारता, न ओढता. येणारेजाणारे थांबून बघायचे. मी तोंड फिरवून उभी राहायचे, जणू मी यांची कोणीच नाही.

चांगली चाल धरू लागली आणि एका सकाळी शेवंताचं पोट फुगलं. पाय झाडतेय, लोळतेय. गुरांचा डॉक्टर आला, म्हणाला, हिला खायला काय घातलं?

"काय म्हंजे?" काशीराम म्हणाला. "साहेब रोज सांगतान ना! पोहे, नारळ."

मी हसून हसून खाली बसले. पेणकरला मात्र रडू यायचं बाकी होतं. घोडीच्या मानेवर हात ठेवून तो दिवसभर तिथेच उभा. वाचली बिचारी. पण शिकवणी खोळंबली आणि सीझन तोंडावर आला. काशीराम म्हणाला, परवा माथेरानचा माणूस येतो.

त्या परवाच्या सकाळी काशीरामने घरच्या फोनवर फोन केला, "साहेबांना सांगा, शेवंता तयार हाय, बसायला या लवकर." फोन रूबीने घेतला आणि त्याच्याकडूनच पत्ता काढला. आम्ही दोघं केव्हाच निघालो होतो.

ती रिक्षाने पोचली तेव्हा पेणकर घोडीवर होता, बांधाच्या पार टोकाला. रूबी रिक्षातून उतरली तीच पर्स उगारून. मी तिचं मनगट धरलं. "ओरडू नकोस, घोडी बिथरली तर आपटेल तो!" तिने मूठ तोंडात कोंबली. रिक्षावाल्याने नेमका तेव्हाच हॉर्न मारला. शेवंताने कान टवकारले आणि पडले दोन ठोके. चहा, चहा. पेणकर खोगिरावर उडाला. रूबीने माझा हात इतका आवळला की बांगडी वाकली. पण त्याने लगाम खेचला नाही. मागे रेलला, सैल सोडलं, तोंडाने काहीतरी पुटपुटला आणि घोडी पुन्हा चार सुट्या ठोक्यांवर आली. तसाच, ताठ, शांत, तो आमच्यापर्यंत आला. असा ताठ मी त्याला कधी पाहिलाच नव्हता.

माथेरानचा माणूस काशीरामशेजारी उभा राहून बघत होता. काशीराम त्याला म्हणाला, "तू जा बाबा. ही नाय जात कुठं."

पेणकर उतरला, दोन पायांवर नीट उभा राहिला. "रूबी, दुखत नाहीये," तो म्हणाला, अपराध्यासारखा.

रूबीने त्याला पर्सने एक हाणली, दोन हाणल्या, आणि तिसरीला हात थांबला. बांधावर बसून ती हमसून हमसून रडायला लागली. "पडून मेला असतात म्हणजे!" म्हणाली. मग डोळे पुसत, हळूच, त्याच्याकडे न बघता बोलली, "अहो, तुम्हाला जपून जपून मीच म्हातारं केलं हो."